जीर्ण तंतुकणिकांची सफाई आणि कंपवात : पेशीविज्ञान काय सांगते व आपण काय सांगावे

छत्रपती संभाजीनगर-जालना मार्गावरील करमाड व भोवतालच्या गावांतून आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांत हात थरथरणे, चाल आखडणे, चेहऱ्यावरील भाव हरपणे या तक्रारी घेऊन येणारे वृद्ध शेतकरी पूर्वीही होते व आजही आहेत. बदल झाला आहे तो त्यांच्या पिशवीत. पूर्वी त्या पिशवीत एखादे तेल व एखादे चूर्ण असे. आता शहरातील मेंदूविकारतज्ज्ञांनी दिलेल्या लेव्होडोपाच्या गोळ्या, कुणा नातेवाइकाने सुचविलेले कवचबीज चूर्ण आणि ‘पेशींतील निकामी शक्तिकेंद्रांची सफाई करणारे’ असे लेबल मिरविणारे कॅप्सूल अशी तीन औषधे एकत्र निघतात. बरोबर आलेला मुलगा विचारतो, “डॉक्टरसाहेब, या कॅप्सूलने आजार मुळापासून जातो म्हणतात, मग बाकीच्या गोळ्या बंद करू का?”

या प्रश्नाचे उत्तर चुकले तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. ते बरोबर द्यावयाचे तर ‘सफाई’ म्हणजे नेमके काय, हे आपणांस ठाऊक असले पाहिजे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

तंतुकणिका : पेशीतील ऊर्जाकेंद्र

तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, हे पेशीतील दुहेरी पटलाचे सूक्ष्म अंगक होय. आहारातून आलेल्या द्रव्यांचे प्राणवायूच्या साहाय्याने ज्वलन करून एटीपी या रूपाने ऊर्जा उपलब्ध करून देणे हे तिचे मुख्य कार्य. तिचे स्वतःचे डीएनए असते. त्यात 37 जनुके असून त्यांपैकी 13 जनुके प्रथिने घडवितात. उर्वरित शेकडो प्रथिने पेशीकेंद्रातील जनुकांच्या आदेशाने बाहेर तयार होतात व पटलांतील द्वारांमधून आत घेतली जातात. आत घेण्याची ही क्रिया आंतरपटलावरील विद्युतदाबावर अवलंबून असते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व यंत्रणा त्यावर उभी आहे.

ऊर्जा निर्माण होताना काही प्रमाणात प्राणवायूची उग्र, दाहक संयुगे तयार होतात. त्यांचा पहिला आघात तंतुकणिकेवरच होतो. कालांतराने तिची प्रथिने विकृत होतात, डीएनए बिघडते, विद्युतदाब घसरतो. अशी जीर्ण कणिका ऊर्जा कमी देते आणि दाहक द्रव्ये अधिक सोडते. चुलीत ओले लाकूड राहिले म्हणजे जाळ मंदावतो व धूर वाढतो, तसे हे घडते. म्हणून निरोगी पेशी अशा कणिकेला वेळीच वेगळी काढून तिची विल्हेवाट लावते.

सफाईची यंत्रणा

पेशी आपलेच जीर्ण घटक पचविते ही गोष्ट बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिस्तियान द ड्यूव यांनी स्पष्ट केली. पेशीतील पाचक द्रव्यांची पिशवी, म्हणजे लयकारिका, त्यांनी 1955 साली वर्णिली आणि 1963 साली ‘ऑटोफॅजी’, अर्थात स्वभक्षण, हा शब्द दिला. या क्रियेमागील जनुके किण्वावर प्रयोग करून शोधणारे जपानचे योशिनोरी ओसुमी यांना 2016 साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्वभक्षणाचा जो प्रकार केवळ तंतुकणिकांपुरता असतो त्यास मायटोफॅजी म्हणतात.

आता प्रश्न असा की, शेकडो कणिकांमधून नेमकी बिघडलेली कणिका पेशी ओळखते कशी? याचे उत्तर पिंक-1 व पार्किन या दोन प्रथिनांत आहे.

पिंक-1 हे प्रथिन पेशीत सतत तयार होत असते. कणिका निरोगी असेल तर तिच्या विद्युतदाबामुळे ते आत ओढले जाते, तेथे त्याचे तुकडे होतात व ते नष्ट होते. त्यामुळे निरोगी कणिकेच्या पृष्ठावर पिंक-1 आढळत नाही. कणिका बिघडली, दाब घसरला, की आत ओढण्याची क्रिया थांबते व पिंक-1 बाह्यपटलावर साचू लागते. हे साचणे हीच धोक्याची खूण होय.

साचलेले पिंक-1 तेथील युबिक्विटिन या लहान प्रथिनास फॉस्फेट जोडते. त्यामुळे पार्किन हे दुसरे प्रथिन तेथे खेचले जाऊन कार्यप्रवण होते आणि कणिकेच्या पृष्ठावर युबिक्विटिनच्या आणखी साखळ्या चढविते. अधिक साखळ्या म्हणजे पिंक-1 ला अधिक काम व पार्किनला अधिक आवाहन. अशा रीतीने खूण अल्पावधीत ठळक होते. नंतर ऑप्टिन्युरिनसारखी ग्राहक प्रथिने त्या साखळ्यांना धरतात, कणिकेभोवती नवे पटल वेढले जाते, आणि ती बंद पिशवी लयकारिकेशी एकरूप होऊन आतील सर्व द्रव्याचे पचन होते. पचनातून निघालेले घटक पेशी पुन्हा वापरते.

म्हणजे या क्रियेस ओळख, खूण, वेढणे व पचन अशा चार पायऱ्या आहेत. यांतील कोणतीही पायरी अडली तरी सफाई अडते. केवळ ‘सफाई वाढविणे’ हे ध्येय का अपुरे आहे, ते यावरून कळेल. लयकारिकेचे पचनच मंद असेल तर अधिक खुणा केल्याने पेशीत नुसत्या न पचलेल्या पिशव्या साचतील.

चेतापेशींनाच याचा फटका अधिक का?

त्वचेच्या वा आतड्याच्या पेशी विभाजन पावून नव्या होतात. त्यांतील बिघाड त्यांच्याबरोबर निघून जातो. चेतापेशी बहुतांशी विभाजन पावत नाहीत. जी पेशी मिळाली तीच साठ-सत्तर वर्षे सांभाळावी लागते. शिवाय शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही शरीराच्या सुमारे 20 टक्के ऊर्जा खर्च करतो.

त्यातही मध्यमस्तिष्कातील सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी विशेष नाजूक आहेत. त्यांच्या तंतूंना अगणित शाखा असतात आणि एवढा विस्तार जिवंत ठेवण्यास अखंड ऊर्जा लागते. त्यांची लय राखण्यासाठी पेशीत कॅल्शियम वारंवार शिरते व ते बाहेर काढण्यासही ऊर्जा खर्ची पडते. डोपामिन स्वतःच विघटन पावताना दाहक संयुगे देते. अशा पेशींत सफाई किंचित मंदावली तरी परिणाम मोठा होतो. कंप, स्तब्धता, गतिमांद्य ही लक्षणे उमटतात तेव्हा यांतील मोठा भाग आधीच नष्ट झालेला असतो, ही गोष्ट चिकित्सकाने विसरू नये.

पुरावा कसा जमला

1982 साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात काही तरुण व्यसनी व्यक्तींना अचानक पार्किन्सनसदृश जखडलेपण आले. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट मादक द्रव्यात एमपीटीपी नावाचे अशुद्ध द्रव्य होते. मेंदूत त्याचे रूपांतर होऊन बनलेले विष डोपामिन पेशींत शिरते व तंतुकणिकांच्या ऊर्जासाखळीतील पहिला टप्पाच रोखते, असे आढळले. तंतुकणिका बिघडली की हा व्याधी उद्भवू शकतो, याचा हा पहिला ठळक दाखला.

1998 साली जपानी संशोधकांनी तरुण वयात होणाऱ्या आनुवंशिक पार्किन्सनमध्ये पार्किन जनुकाचा दोष शोधला. 2004 साली युरोपातील काही कुटुंबांत पिंक-1 जनुकाचा दोष सापडला. 2006 साली फळमाशीवरील प्रयोगांत दोन्ही दोषांनी तंतुकणिका सारख्याच बिघडतात, आणि पिंक-1 नसताना पार्किन वाढविल्यास बिघाड सुधारतो, असे दिसले. 2008 साली अमेरिकेतील रिचर्ड यूल यांच्या प्रयोगशाळेने पार्किन नेमके बिघडलेल्या कणिकांवर जाऊन बसते व त्यांची विल्हेवाट लावते, हे दाखविले. दोन वेगळ्या कुटुंबांतील दोष एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत, हे त्यातून उमगले. फळमाशीवरील स्वभक्षणाचा असा अभ्यास आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही होतो.

शेतीशी निगडित एक पुरावा आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. रोटेनोन हे कीटकनाशक तंतुकणिकेचा तोच पहिला टप्पा रोखते, तर पॅराक्वाट हे तणनाशक दाहक संयुगे वाढविते. अमेरिकेतील शेतकरी व फवारणी करणाऱ्यांच्या 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यांपैकी कोणतेही वापरणाऱ्यांत पार्किन्सनचे प्रमाण सुमारे अडीच पट आढळले. यावरून प्रत्येक रुग्णाचे कारण फवारणीच असे म्हणता येत नाही. तथापि कपाशीच्या पट्ट्यातील वैद्याने कंपवाताच्या रुग्णास ‘किती वर्षे फवारणी केली, हातमोजे व तोंडावर कापड होते का’ हे विचारले पाहिजे, आणि घरातील तरुण फवारणी करणाऱ्यास संरक्षणाचा सल्ला दिला पाहिजे. निदानपरिवर्जन ते हेच.

पुराव्याच्या मर्यादाही सांगणे आवश्यक आहे. पिंक-1 वा पार्किन नसलेल्या उंदरांत माणसासारखा पूर्ण व्याधी सहसा उद्भवत नाही. त्यांच्या पेशींत दैनंदिन मायटोफॅजी अन्य मार्गांनी बरीच चालू राहते. शिवाय बहुसंख्य रुग्णांत या दोन जनुकांचा दोष नसतो. सफाईतील मंदपणा हा व्याधीचा एक महत्त्वाचा घटक होय. तो एकमेव घटक नव्हे.

अन्य व्याधींतही याच यंत्रणेच्या खुणा दिसतात. स्मृतिनाशाच्या अल्झायमर व्याधीत बिघडलेल्या तंतुकणिका साचतात, आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या कृमी व उंदरांवरील प्रयोगांत मायटोफॅजी वाढविल्यावर विकृत प्रथिनांचा संचय घटून स्मृती सुधारलेली आढळली. स्नायू क्षीण करणाऱ्या एएलएस व्याधीच्या काही कुटुंबांत वर उल्लेखिलेल्या ऑप्टिन्युरिनचाच दोष असतो.

आयुर्वेदीय दृष्टीने

वेपथु हा चरकोक्त ऐंशी नानात्मज वातविकारांपैकी एक आहे. माधवनिदानातही सर्वांगकंप व शिरःकंप त्याच नावाने आले आहेत. धात्वग्नी, मलांचे निर्हरण, स्रोतोरोध या कल्पना ज्याच्या अभ्यासात मुरल्या आहेत त्या वैद्यास वरील वर्णन परके वाटणार नाही. परंतु साम्य दिसले म्हणजे सिद्धांत एकच झाला असे नव्हे. उदाहरणार्थ, चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात स्वभावोपरमाचा विचार आहे : भावांच्या उत्पत्तीस कारण लागते, नाशास कारणाची अपेक्षा नसते. पेशीविज्ञान मात्र सांगते की, जीर्ण कणिकेचा निरास आपोआप होत नाही. त्यास नेमलेली यंत्रणा व खर्च होणारी ऊर्जा लागते. हा फरक झाकण्यापेक्षा त्यावर चर्चा करणे शास्त्राच्या अधिक हिताचे आहे.

दुसरे उदाहरण लंघनाचे. उपवासाने स्वभक्षण वाढते हे प्राण्यांवरील प्रयोगांत वारंवार दिसले आहे, आणि त्या आधारे कंपवाताच्या रुग्णांस दीर्घ उपवास सुचविण्याची टूम निघाली आहे. आपल्या शास्त्राने कृश, वृद्ध व वातव्याधिपीडित व्यक्तीस लंघन वर्ज्य मानले आहे. या रुग्णांचे वजन घटत असते, गिळणे कठीण होत असते. येथे आपले जुने तारतम्यच हितकर आहे.

कवचबीज काय करते आणि काय करीत नाही

कपिकच्छू अर्थात कवचबीजातून लेव्होडोपा हे द्रव्य 1937 साली मद्रास येथे दामोदरन व रामस्वामी यांनी वेगळे केले. मुंबईत डॉ. अशोक वैद्य, मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांवर कवचबीजाचा उपयोग करून 1978 साली ‘न्यूरॉलॉजी इंडिया’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. वैद्यकाच्या दोन शाखांनी एकत्र बसून केलेले हे काम महाराष्ट्राला भूषणावह आहे. पुढे 1995 साली एचपी-200 या कवचबीज कल्पाची 60 रुग्णांवर 12 आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. 2004 साली लंडन येथील 8 रुग्णांवरील दुहेरी अंध चाचणीत 30 ग्रॅम कवचबीज कल्पाचा परिणाम नेहमीच्या लेव्होडोपाच्या गोळीपेक्षा लवकर सुरू होऊन अधिक काळ टिकला.

हे यश निर्विवाद आहे. पण ते कशाचे यश आहे हे नीट समजून घेतले पाहिजे. कवचबीज मेंदूस डोपामिनचा कच्चा माल पुरविते. विझत चाललेल्या दिव्यात तेल घालावे तसे ते आहे. वातीवरची काजळी त्याने निघत नाही. जीर्ण तंतुकणिकांची सफाई करून पेशींचा नाश थांबविते, असे माणसात कवचबीजाविषयी सिद्ध झालेले नाही. नेहमीच्या लेव्होडोपाविषयीही ते सिद्ध झालेले नाही. दोन्ही औषधे लक्षणांवर काम करतात, आणि म्हणूनच ती एकमेकांची भर घालतात. रुग्ण दोन्ही घेत असेल तर तो एकच औषध दुप्पट घेत आहे, असे वैद्याने समजावे.

डाळिंब आणि ‘सफाईचे कॅप्सूल’

आपल्या मराठवाड्यातील बागांत पिकणाऱ्या डाळिंबाचा या विषयाशी खरा संबंध आहे. डाळिंबातील, विशेषतः सालीतील, कषाय द्रव्यांवर आतड्यातील जिवाणू प्रक्रिया करतात व युरोलिथिन-ए हे द्रव्य बनते. 2016 साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी दाखविले की, या द्रव्याने कृमींचे आयुष्य वाढते, वृद्ध उंदरांची धावण्याची क्षमता सुधारते व मायटोफॅजीस चालना मिळते. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या 65 ते 90 वयाच्या 66 व्यक्तींवरील चाचणीत स्नायूंचा टिकाऊपणा वाढला; परंतु सहा मिनिटांत चालण्याच्या अंतरात तुलनागटापेक्षा लक्षणीय फरक पडला नाही. हे सर्व काम प्रामुख्याने स्नायूंसंबंधी आहे. कंपवाताच्या रुग्णांत व्याधीची गती त्याने मंदावते असे सिद्ध झालेले नाही. शिवाय प्रत्येकाच्या कोष्ठातील जिवाणू हे द्रव्य बनवितातच असे नाही; एकाच फळाचा दोन व्यक्तींत भिन्न परिणाम होतो, हे कोष्ठभेद मानणाऱ्या आपल्यासारख्यांस नवल वाटू नये.

तंतुकणिकांवरील उपाय कागदावर कितीही योग्य वाटला तरी रुग्णांत तो निष्फळ ठरू शकतो, याचे उदाहरण समोर आहे. कोएन्झाइम क्यू-10 हा तंतुकणिकेच्या ऊर्जासाखळीतीलच घटक. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या 600 रुग्णांच्या चाचणीत दररोज 1200 वा 2400 मिलिग्रॅम इतकी मात्रा देऊनही पार्किन्सनमध्ये काहीही लाभ आढळला नाही.

वैद्यांनी घ्यावयाची दक्षता

1. चालू असलेले लेव्होडोपा एकाएकी कधीही बंद करू नये. त्याने तीव्र जखडण, उच्च ज्वर व बेशुद्धी येऊन मृत्यूही ओढवू शकतो. लेखाच्या आरंभी आलेल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ‘नाही’ असेच आहे.

2. कवचबीज द्यावयाचे तर मेंदूविकारतज्ज्ञांस कळवून, मात्रेचा मेळ घालूनच द्यावे. अनैच्छिक हालचाली, भ्रम, उभे राहताना रक्तदाब उतरणे, मळमळ ही अतिमात्रेची लक्षणे होत. दीर्घकाळ घेताना पोटाच्या तक्रारींमुळे काही रुग्णांस ते सोडावे लागते.

3. दुधाचे अनुपान येथे पुन्हा तपासावे. दूध वा अन्य प्रथिनयुक्त आहाराबरोबर लेव्होडोपाचे शोषण घटते. ते जेवणापूर्वी अर्धा ते एक तास पाण्याबरोबर घेणे सामान्यतः इष्ट असते.

4. लोहक्षार लेव्होडोपाशी बद्ध होऊन त्याचे शोषण कमी करतात. म्हणून लोहयुक्त कल्प व लेव्होडोपा यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवणे शहाणपणाचे.

5. कंपवाताच्या रुग्णास सर्पगंधा देऊ नये. डॉ. रुस्तम वकील यांनी मुंबईतून 1949 साली जगापुढे मांडलेले हे रक्तदाबावरील वनौषध मेंदूतील डोपामिनचा साठा रिकामा करते व कंपवातसदृश लक्षणे उत्पन्न करू शकते. रुग्ण निद्रा वा रक्तदाबासाठी एखादा मिश्र कल्प घेत असेल तर त्यातील घटक वाचावेत.

6. ज्यात आपले साहाय्य निश्चित उपयोगी पडते ते मनापासून करावे : मलावरोधाची चिकित्सा, निद्रा, अभ्यंग, नियमित चालणे व व्यायाम. व्यायामाने या रुग्णांची हालचाल व तोल सुधारतो, यास चांगला आधार आहे.

औषधी निर्मात्यांसाठी व विक्रेत्यांसाठी

कवचबीजात लेव्होडोपाचे प्रमाण साधारण 3 ते 6 टक्क्यांच्या आसपास असले तरी वाण, भूमी व संस्कार यांनुसार ते बरेच बदलते. पाण्यात वा दुधात उकळल्याने त्याचा काही अंश निघून जातो. म्हणून एका घाण्याचे चूर्ण व दुसऱ्या घाण्याचे चूर्ण यांत रुग्णाच्या दृष्टीने दोन वेगळ्या मात्रांइतका फरक पडू शकतो. प्रत्येक घाण्याची तपासणी करून प्रमाण लेबलावर छापणे, ही या एका द्रव्याबाबत तरी चैन नसून गरज आहे.

लेबलावर ‘मायटोफॅजी’ हा शब्द छापणाऱ्यांनी 1954 चा औषधे व जादुई उपचार आक्षेपार्ह जाहिरात कायदा आठवावा. मेंदूचे विकार त्याच्या अनुसूचीत समाविष्ट आहेत आणि ते बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात गुन्हा ठरते. कायद्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे, अशा शब्दावर विसंबून एखाद्या रुग्णाने आवश्यक गोळी सोडली तर त्या पापाचा वाटा विकणाऱ्याकडेही येतो.

समारोप

पेशी स्वतःतील जीर्ण भाग ओळखून दूर करते आणि ती क्रिया मंदावली की मेंदूतील पेशी प्रथम कोमेजतात, हे ज्ञान मोलाचे आहे. त्यातून उद्या औषध निघेल. कदाचित ते आपल्याच एखाद्या रसायनद्रव्यातूनही निघेल. 2013 साली वाराणसी येथील संशोधकांनी आमलकी रसायन व रससिंदूर यांचा फळमाशीतील मेंदूक्षयावर झालेला अनुकूल परिणाम प्रसिद्ध केला आहे. परंतु माशी व माणूस यांमधील अंतर चाचण्यांनीच पार करावे लागते. तोवर आपण रुग्णास इतके सांगावे : कवचबीज व गोळी लक्षणे आवरतात, सफाईचे सिद्ध औषध अद्याप कोणाकडेच नाही, आणि जे चालू आहे ते विचारल्याशिवाय थांबवू नये. वैद्यावरील विश्वास असे खरे बोलण्यानेच टिकतो. अस्तु.